फौज कोणाची आणि हुकूम कोणाचा?

इसवी सन १८०२ च्या ऑक्टोबर महिन्यात मराठी राज्याच्या भवितव्याला जे वळण लागले, त्याचा एक टप्पा बारामतीच्या शिवारात घडला. ८ ऑक्टोबर रोजी यशवंतराव होळकरांचे सरदार फत्तेसिंग माने यांनी बारामतीजवळ पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला. पुढे २५ ऑक्टोबर रोजी हडपसरच्या मैदानावर पेशवे व शिंदे यांच्या एकत्रित सैन्याचा मोड झाला आणि दुसरा बाजीराव पुणे सोडून कोकणात उतरला. तेथून इंग्रजांच्या जहाजाने तो वसईस पोचला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने कंपनी सरकारशी तह केला. वडगाव निंबाळकर, माळेगाव, पणदरे, इंदापूर या नीरा-भीमेच्या पट्ट्यातून पक्षाचे काम करणाऱ्यांना हा इतिहास परका नाही. परंतु त्यातून कोणता निष्कर्ष काढावयाचा, याविषयी मात्र बराच घोटाळा आढळतो. आणि आज युक्रेनच्या निमित्ताने परकीय लष्करी मदतीची चर्चा जेथे जेथे होते, तेथे हा घोटाळा अधिकच स्पष्ट होतो.

वसईचा तह हा नावाने मदतीचा तह होता. कंपनीने पेशव्याच्या रक्षणासाठी किमान ६,००० कवायती पायदळ, तोफा व गोलंदाज यांसह, त्याच्या राज्यात कायम ठेवावयाचे होते. त्या फौजेच्या खर्चासाठी पेशव्याने वार्षिक २६ लक्ष रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. इंग्रजांशी वैर असलेल्या कोणत्याही युरोपियन राष्ट्राचा माणूस नोकरीत न ठेवण्याचे, निजाम व गायकवाड यांच्याशी असलेल्या तंट्यांत कंपनीचा लवाद मानण्याचे आणि इंग्रजांच्या सल्ल्यावाचून इतर राज्यांशी वाटाघाटी न करण्याचे त्याने मान्य केले. मे १८०३ मध्ये इंग्रजी संगिनींच्या बळावर बाजीराव पुन्हा पुण्याच्या गादीवर बसला. गादी मिळाली, राज्य गेले.

तहाची खरी फळे १५ वर्षांनी दिसली. दरम्यानच्या काळात पेशव्याने स्वतःच्या खजिन्यातून पगार देऊन एक कवायती पलटण उभी केली होती. शिपाई येथलेच, पगार पेशव्याचा. शिकवणारे व हुकूम देणारे अधिकारी मात्र इंग्रज. फोर्ड नावाच्या अधिकाऱ्याच्या हाताखालील ही पलटण दापोडीस असे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई जुंपली तेव्हा पेशव्याच्या अन्नावर पोसलेली ही पलटण इंग्रजांच्या बाजूस जाऊन उभी राहिली. शिंद्यांचा अनुभवही निराळा नव्हता. द बॉयन् आणि पेराँ या परकीय सेनानींनी महादजी व दौलतराव यांच्यासाठी नामांकित कवायती फौज घडविली. पण १८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध सुरू होताच पेराँ नोकरी सोडून साठविलेल्या संपत्तीसह इंग्रजांच्या आश्रयास गेला आणि अलीगडच्या किल्ल्यात शिरण्याची वाट इंग्रजांना दाखविली तीही शिंद्यांच्या नोकरीतून फुटलेल्या एका अधिकाऱ्याने. कवायत शिकविणाऱ्याच्या हाती सारी अधिकारसूत्रे सोपविली की शिकणाऱ्याची बंदूक कोणत्या दिशेस वळेल हे शिकविणारा ठरवितो, हा धडा महाराष्ट्राने अत्यंत महाग किंमत देऊन घेतला आहे.

या धड्याच्या आधारे पक्षाच्या अभ्यासवर्गांतून एक सोपे सूत्र मांडले जाते. परकीय शस्त्र म्हणजे परकीय गुलामी. म्हणून आक्रमण झालेल्या देशाने बाहेरून शस्त्रे घेणे व इतरांनी ती देणे हे दोन्ही साम्राज्यशाहीच्या खेळाचे भाग होत. सबब समाजवाद्यांनी दोन्ही पक्षांचा सारखाच निषेध करून स्वस्थ बसावे. हे सूत्र ऐकावयास तत्त्वनिष्ठ वाटते; प्रत्यक्षात ते तत्त्वही नव्हे आणि निष्ठाही नव्हे. बाजीरावाच्या पराभवातून ते निघत नाही. बाजीराव हा आक्रमणाशी झुंजणाऱ्या जनतेचा प्रतिनिधी नव्हता. घरच्या भांडणात हरलेला, प्रजेला विचारण्याची ज्याला कधी गरज भासली नाही असा तो राज्यकर्ता होता. त्याच्या राज्यात शेतकरी इजारदारांच्या लुटीखाली पिचत होता आणि अस्पृश्य मानलेल्या समाजाला माणूस म्हणून जगण्याचा अधिकार नव्हता. अशा राज्याच्या रक्षणासाठी प्रजा उठली नाही, यात आश्चर्य ते कोणते? वसईस जो सौदा झाला तो आपल्या गादीसाठी एका माणसाने केला. जनतेने आपल्या स्वातंत्र्यासाठी मागितलेल्या मदतीला तोच माप लावणे हा इतिहासाचा विपर्यास होय.

शस्त्रे नाकारल्याने काय होते, याचा दाखला स्पेनमध्ये मिळतो. १९३६ मध्ये तेथील लोकनियुक्त प्रजासत्ताकाविरुद्ध फ्रँकोने बंड केले. ब्रिटन व फ्रान्स यांच्या पुढाकाराने युरोपातील २७ राष्ट्रांनी हस्तक्षेप न करण्याचा करार केला. त्यावर जर्मनी व इटली यांच्याही सह्या होत्या. आणि त्याच वेळी त्यांची विमाने, रणगाडे व सैन्य फ्रँकोसाठी लढत होते. तटस्थतेचा बंधारा फक्त प्रजासत्ताकाच्या वाटेत घातला गेला. १९३९ मध्ये प्रजासत्ताक कोसळले आणि काही महिन्यांतच साऱ्या युरोपाला त्याचे परिणाम भोगावे लागले. हल्लेखोराच्या हाती शस्त्र असताना दुसऱ्याला शस्त्र न देणे ही तटस्थता नसते, तो हल्लेखोराला दिलेला कौल असतो.

त्या लढ्यात एक मराठी माणूसही होता. नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दार हे शिक्षणासाठी इंग्लंडात असताना १९३७ मध्ये ‘जॉन स्मिथ’ हे नाव घेऊन आंतरराष्ट्रीय पथकात दाखल झाले, १९३८ मध्ये फ्रँकोच्या सैन्याच्या हाती सापडले आणि बंदिवास भोगून परतले. त्याच वर्षी जपानी आक्रमणाशी झगडणाऱ्या चीनच्या साहाय्यासाठी राष्ट्रीय सभेने पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस व नागपूरचे डॉ. चोळकर होते. कोटणीसांनी आठव्या सैन्यात राहून जखमींवर शस्त्रक्रिया केल्या, चिनी तरुणांना वैद्यकीय शिक्षण दिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच देह ठेवला. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या देशाने दुसऱ्या देशाच्या प्रतिकाराला मदत करावी, यात कोणालाही विसंगती वाटली नाही. ‘हे दोन साम्राज्यांचे भांडण आहे, आपला काय संबंध’ असे म्हणून ती पिढी बाजूला झाली नाही.

याचा अर्थ मदत करणाऱ्याचे मन गंगाजळासारखे निर्मळ असते असा मात्र नव्हे. स्पेनच्या प्रजासत्ताकाला सोव्हिएत रशियाने शस्त्रे दिली. परंतु १९३६ मध्येच स्पेनच्या सोन्याच्या साठ्याचा मोठा भाग मॉस्कोस रवाना झाला आणि सोव्हिएत सल्लागारांबरोबर त्यांची गुप्त पोलीस यंत्रणाही आली. १९३७ मध्ये आंद्रेउ निन यांच्यासारखा क्रांतिकारक नेता तिच्या हातून मारला गेला. म्हणजे प्रजासत्ताकाचा शस्त्रे मागण्याचा हक्क खरा होता आणि त्या शस्त्रांची जी राजकीय किंमत वसूल केली गेली ती अन्याय्य होती. ही दोन्ही विधाने एकाच वेळी सत्य आहेत. त्यांपैकी एकच विधान उचलून बोलणे सोयीचे असते, पण त्याने कार्यकर्त्याची दिशाभूल होते.

भारताच्या हातून घडलेले सर्वांत मोठे उदाहरण १९७१ चे. १९७० च्या निवडणुकीत पाकिस्तानच्या राष्ट्रीय सभेत स्पष्ट बहुमत मिळविलेल्या अवामी लीगला सत्ता न देता २५ मार्च १९७१ च्या रात्री लष्कराने पूर्व बंगालवर हत्याकांड लादले. सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. एप्रिलमध्ये स्थापन झालेल्या बांगलादेशच्या हंगामी सरकारने मदत मागितली आणि भारतीय सैन्याने सीमेवरील छावण्यांतून मुक्तिवाहिनीच्या तरुणांना शिक्षण व शस्त्रे दिली. भागीरथीच्या काठी, पलाशीच्या छावणीत, पोहून जाऊन जहाजांना सुरुंग लावण्याचे शिक्षण घेतलेल्या तरुणांनी १५ ऑगस्टच्या रात्री चितगाव, मोंगला, चांदपूर व नारायणगंज या बंदरांत एकाच वेळी जहाजे बुडविली. जयप्रकाश नारायण त्या वर्षी देशोदेशी हिंडून बांगलादेशच्या बाजूने लोकमत जागे करीत होते. आयुष्यभर शांततेसाठी झटलेल्या त्या नेत्याला आपल्या शांतिनिष्ठेत व बांगलादेशच्या सशस्त्र प्रतिकाराच्या समर्थनात विरोध दिसला नाही.

त्या मदतीतही खोट नव्हती असे नाही. हंगामी सरकारच्या सेनापतीच्या हुकमतीबाहेर, भारताच्या गुप्तचर यंत्रणेने मेजर जनरल उबान यांच्या देखरेखीखाली ‘मुजीब वाहिनी’ नावाचे वेगळे दल उभे केले आणि त्यावरून हंगामी सरकारात तीव्र नाराजी निर्माण झाली. १६ डिसेंबरला ढाक्यास पाकिस्तानी सेनेने शरणागती पत्करली, त्या समारंभास मुक्तिवाहिनीचे सेनापती उस्मानी हजर नव्हते; याचा सल बांगलादेशात दीर्घकाळ राहिला. तथापि मुख्य गोष्ट ही की मार्च १९७२ मध्ये भारतीय सैन्य परत आले. मुलूख तोडून घेतला नाही, कायमची छावणी ठेवली नाही. वसई आणि ढाका यांमधील अंतर हे आहे.

याच भारताने पुढे श्रीलंकेत काय केले, हेही सांगितले पाहिजे. १९८३ नंतर तमिळ बंडखोर गटांना भारतात लष्करी शिक्षण मिळाले. ते देताना तमिळ जनतेच्या हक्कांपेक्षा कोलंबोवर दबाव ठेवण्याचा हिशेब अधिक होता. १९८७ च्या करारानंतर तेथे गेलेल्या भारतीय शांतिसेनेला त्याच शिकविलेल्या गटाशी लढावे लागले आणि १९९० मध्ये ती परतली तोवर अकराशेहून अधिक भारतीय जवान मृत्युमुखी पडले होते. अफगाणिस्तानात १९७९ च्या अखेरीस शिरलेल्या सोव्हिएत फौजांविरुद्ध तेथील जनतेचा प्रतिकार न्याय्य होता. पण अमेरिकेची शस्त्रे वाटण्याचे काम पाकिस्तानच्या लष्करी गुप्तचर यंत्रणेकडे गेले आणि तिने आपल्या मर्जीतील धर्मांध गटांना बळ दिले. १९८९ मध्ये सोव्हिएत सैन्य गेले. मागे उरलेल्या शस्त्रांनी काबूल उद्ध्वस्त केले. उलट व्हिएतनामने सोव्हिएत रशिया व चीन या दोघांकडूनही शस्त्रे घेतली, आणि हुकूम मात्र दोघांपैकी कोणाचाच मानला नाही. फेब्रुवारी १९७९ मध्ये चीनने जेव्हा व्हिएतनामवर चढाई केली तेव्हा कालच्या दात्याशी लढण्याचीही त्याची तयारी होती.

या साऱ्या अनुभवांतून चार कसोट्या निघतात. पहिली, मदत कोणी मागितली? जनतेला उत्तरदायी असलेल्या संस्थेने, की गादी गमावलेल्या एखाद्या बाजीरावाने? दुसरी, फौजेवर हुकूम कोणाचा? शिक्षक शिकवून बाजूला होतो की फोर्डप्रमाणे घोड्यावर बसून पलटण आपल्या बाजूस नेतो? तिसरी, किंमत काय व ती कशी ठरली? ती उघड चर्चेतून ठरली, की २६ लक्षांच्या मुलुखासारखी संकटग्रस्ताच्या मानेवर सुरी ठेवून वसूल केली? चौथी, विद्या कोणाजवळ राहते? शस्त्र चालविण्याची, दुरुस्त करण्याची व घडविण्याची विद्या त्या देशात रुजते, की प्रत्येक काडतुसासाठी त्याला दुसऱ्याच्या दारी उभे राहावे लागते?

युक्रेनला या कसोट्या लावून पाहाव्यात. सोव्हिएत संघराज्य मोडल्यानंतर आपल्या भूमीवर राहिलेली अण्वस्त्रे युक्रेनने सोडून दिली आणि त्याच्या बदल्यात ५ डिसेंबर १९९४ रोजी बुडापेस्ट येथे रशिया, अमेरिका व ब्रिटन यांनी त्याच्या सीमांचा आदर करण्याचे लेखी वचन दिले. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया घेतला. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी पूर्ण आक्रमण सुरू केले आणि त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस आणखी चार प्रांत आपल्या राज्यास जोडल्याचे जाहीर केले. नाटोचा पूर्वेकडील विस्तार हे दुःसाहस होते, ही टीका रास्त आहे. परंतु एका लष्करी गटाच्या विस्ताराने शेजारच्या देशाची शहरे उद्ध्वस्त करण्याचा अधिकार मिळत नाही. मदत मागणारे सरकार निवडून आलेले होते आणि जनता लढत होती. पहिल्या कसोटीवर युक्रेन उतरतो.

शिक्षणाचे काम मुख्यतः देशाबाहेर झाले. ब्रिटनमध्ये २०२२ च्या उन्हाळ्यापासून चाललेल्या वर्गांतून पन्नास हजारांहून अधिक युक्रेनी तरुण काही आठवड्यांचे शिक्षण घेऊन मायदेशी परतले. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून युरोपीय संघाने स्वतःची वेगळी मोहीम चालविली. यांतील बरेचसे तरुण कालपर्यंत शेतकरी, कामगार, वाहनचालक होते. ते परतून आपल्याच सेनापतींच्या हुकमतीखाली लढले; फोर्डची पलटण तेथे झाली नाही. परंतु शस्त्रांच्या बाबतीत हुकमत अखंड राहिली असे म्हणता येत नाही. अमेरिकी शस्त्रे रशियाच्या हद्दीत वापरावयाची की नाही याचा निर्णय दीर्घकाळ वॉशिंग्टनमध्ये होत होता. मार्च २०२५ मध्ये तर अमेरिकेने काही दिवस शस्त्रपुरवठा व गुप्तवार्ता दोन्ही थांबविल्या आणि झुंजणाऱ्या देशाला वाटाघाटीच्या मेजावर आपल्या इच्छेप्रमाणे वाकविण्याचा प्रयत्न केला. ३० एप्रिल २०२५ रोजी युक्रेनच्या खनिजांविषयी अमेरिकेशी करार झाला. पूर्वी दिलेली मदत कर्ज म्हणून फेडण्याची मूळ मागणी युक्रेनने अखेरपर्यंत मानली नाही, ही जमेची बाजू. तरीही रणांगणावरील देशाच्या भूगर्भावर सौदा करावयास बसणाऱ्याच्या मनात वसईच उभी असते, हे महाराष्ट्राने तरी ओळखावे.

चौथ्या कसोटीवर मात्र आशेला जागा आहे. युक्रेनने स्वतःच्या कारखान्यांतून, लहानसहान कर्मशाळांतून ड्रोन विमाने मोठ्या संख्येने तयार करण्याची विद्या कमावली. दात्याने हात आखडला तेव्हा तो देश उभा राहू शकला याचे हे एक कारण आहे.

समाजवाद्याने युक्रेनच्या सरकारची भाटगिरी करू नये, हेही तितकेच आवश्यक आहे. युद्धकाळाचे निमित्त करून २०२२ मध्ये तेथे कामगारांचे हक्क आखडणारे कायदे झाले आणि अनेक पक्षांच्या कामावर बंदी आली. तेथील कामगार संघटनांनी त्यास विरोध केला. जुलै २०२५ मध्ये भ्रष्टाचारविरोधी संस्थांची स्वायत्तता काढून घेणारा कायदा झाला तेव्हा बाँबहल्ल्यांच्या छायेत लोक रस्त्यावर आले आणि काही दिवसांतच सरकारला तो फिरवावा लागला. जी जनता शत्रूशी लढता लढता स्वतःच्या सरकारलाही जाब विचारते, ती कोणाची बाहुली नसते. समाजवाद्यांचे नाते त्या जनतेशी असावे.

येथे एक आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. शस्त्रे पुरवीत राहिल्याने युद्ध लांबते, माणसे मरतात आणि अण्वस्त्रांचे सावट गडद होते, असे शांततावादी कार्यकर्ते कळकळीने म्हणतात. शस्त्रांच्या कारखानदारांचे नफे या युद्धात फुगले, हेही खरे. युद्धबंदीच्या प्रत्येक प्रामाणिक प्रयत्नाला म्हणूनच पाठिंबा दिला पाहिजे. पण ज्याच्या हातचे शस्त्र काढून घेतले त्याच्याशी तह होत नाही, त्याला फर्मान ऐकविले जाते. शिवाय आक्रमणाने मिळविलेला मुलूख अण्वस्त्राच्या धाकाने पचतो असे एकदा सिद्ध झाले, की प्रत्येक दुबळा देश अण्वस्त्रामागे लागेल. शांततेच्या दृष्टीनेही तो मार्ग घातकच.

याच न्यायाने, युक्रेनच्या स्वातंत्र्याचा कैवार घेणाऱ्या अमेरिकेने गाझाच्या जनतेवर पडणारे बाँब इस्रायलला पुरविले, या ढोंगाचा धिक्कार तितक्याच मोठ्या आवाजात झाला पाहिजे. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये पॅलेस्टिनी प्रदेशावरील इस्रायलचा ताबा बेकायदा असल्याचे मत दिले. आक्रमकाला शस्त्रे देणे आणि आक्रमिताला देणे या एकाच मापाने मोजावयाच्या गोष्टी नव्हेत. परंतु एका ठिकाणी ढोंग झाले म्हणून दुसऱ्या ठिकाणच्या आक्रमिताला निःशस्त्र करावे, हा न्याय उफराटा आहे.

आणि हे सारे दूरदेशीचे, असे नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातील ऊस उत्पादकाने तरी म्हणू नये. २०२२ मध्ये सूर्यफुलाच्या तेलाचा व पोटॅश खताचा भाव चढला तो काळ्या समुद्रावरील याच युद्धामुळे. त्याहून दारुण गोष्ट अशी की नोकरीच्या आमिषाने रशियात नेलेले भारतीय तरुण आघाडीवर पाठविले गेले. जानेवारी २०२५ मध्ये परराष्ट्र खात्याने अशी १२६ प्रकरणे व त्यांतील १२ मृत्यू जाहीर केले. बेकारी ही साम्राज्यशाहीची जुनीच भरती-अधिकारी आहे.

२ मार्च २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १४१ राष्ट्रांनी रशियन आक्रमणाचा निषेध केला, ५ राष्ट्रे विरोधात गेली आणि ३५ तटस्थ राहिली. भारत त्या ३५ मध्ये होता. राष्ट्रहिताचा हिशेब म्हणून सरकारने काही म्हणावे. १९३८ मध्ये चीनला डॉक्टर पाठविणाऱ्या आणि १९७१ मध्ये मुक्तिवाहिनीला शिकविणाऱ्या देशाची ती परंपरा नव्हे. कार्यकर्त्यांनी आपल्या शाखांतून या प्रश्नावर स्पष्ट ठराव करावेत. आक्रमणाचा निःसंदिग्ध निषेध, आक्रमित जनतेच्या शस्त्रे मिळविण्याच्या हक्काला पाठिंबा, मदतीच्या मोबदल्यात खनिजे व धोरणस्वातंत्र्य लिहून घेण्यास विरोध, युद्धकाळातील कर्जे माफ करण्याची मागणी आणि फसवून भरती केलेल्या प्रत्येक भारतीय तरुणाला परत आणण्यासाठी सरकारवर दबाव, हे त्या ठरावांचे मुद्दे असावेत. ठराव करताना वसईच्या तहाची कलमे अभ्यासवर्गात मोठ्याने वाचावीत आणि त्याच बैठकीत मुक्तिवाहिनीचा इतिहासही सांगावा. या दोहोंतील फरक गावच्या शेवटच्या सभासदाला समजावून देणे, हे आजचे काम आहे.